टायरमागे पन्नास, आंघोळ फुकट

तारीख: कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणजे भाऊबीज, गेल्याच्या आदल्या वर्षीची. रक्कम: रुपये एक लाख, सगळ्या पाचशेच्या नोटा. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि त्या दोघांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. जागा: शहापुरातलं आमचं घर, बाहेरची खोली.

भाऊबीजेला भाऊ ताटात ओवाळणी घालतो. आमच्याकडे त्या दिवशी उलटं झालं. ओवाळून झालं, मेव्हण्याने ताटात पाचशे एक रुपये घातले, तोवर सगळं रीतीप्रमाणे होतं. मग बायको आत गेली, रुमालात बांधलेली गड्डी घेऊन आली, ती त्याच ताटात ठेवली आणि ताट भावापुढे सरकवलं.

"घे. पुढच्या भाऊबीजेला याच ताटात परत घालायचे. एक रुपया कमी चालणार नाही."

"आणि नाय जमले तर?"

"तर गाड्या धुवायचं यंत्र विकायचं. येतील ते पैसे माझे, आणि तू परत लाईनवर."

पैसे तिच्या भिशीचे होते. वीस बायका, महिन्याला पाच हजार, आणि तिचा नंबर नेमका दिवाळीच्या तोंडावर लागला होता. त्या पैशांतून स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधायचा असं दोन वर्षं ठरलेलं होतं. त्यामुळे हे ताट सरकवणं सोपं नव्हतं, हे मला माहीत होतं. मेव्हण्यालाही होतं. त्याने गड्डी उचलली नाही. आधी ताटाला हात लावून नमस्कार केला.

लाईन म्हणजे लांबच्या पल्ल्यावर ट्रक चालवणं. मेव्हण्याने चौदा वर्षं गुजरातच्या लाईनवर काढली. घर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या कडेला. थोडं भात, थोडी नाचणी, आणि घरात एकटी आई. तो वीस-बावीस दिवसांनी एकदा यायचा, दोन रात्री झोपायचा आणि जायचा. अशा माणसाला मुलगी कोण देणार, म्हणून लग्नही राहिलं. त्या वर्षी पावसाळ्यात सासूबाई विहिरीच्या पायरीवर घसरल्या. शेजाऱ्यांनी त्याला फोन केला तेव्हा तो भरूचच्या पुढे होता. घरी पोहोचायला त्याला दोन दिवस लागले. त्यानंतर त्याने लाईन सोडली. जुनी पिकअप घेऊन मुरबाडहून कल्याणला भाजी नेऊन पाहिली, पण भाजीपेक्षा डिझेल महाग पडलं. मग त्याच्या डोक्यात हे आलं.

"दाजी, ट्रक धुवायला ड्रायवर सर्विस सेंटरला जातो. तिथं दोन-दोन तास रांग. आपण ट्रक उभा असल तिथंच जायचं. पाणी आपलं, पंप आपला. त्याचा चहा होतो तवर गाडी तयार."

सासूबाईंना यातलं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी निघताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "जावयबापू, तुमचा हिशेब तुमी बघा. मला काय त्यातलं कळत नाय. तो रातचा जेवायला घरी असतो, तेवढं राहू द्या."

हिशेब माझ्याकडे आला, कारण घरात तो मागणारा मीच. मी एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आलेला माल, गेलेला माल, उरलेला माल, यात पंचवीस वर्षं गेली. शुक्रवारी सुट्टी असते. तेव्हा ठरलं असं, की खरेदी आणि दर मी ठरवायचे, शुक्रवारी हाताखाली जायचं, आणि बाकीचे दिवस मेव्हण्याने एकट्याने ओढायचे.

पहिली खरेदी पंपाची. भिवंडीच्या दुकानात मला एक सुबक पिवळं यंत्र आवडलं. साडेअठरा हजार, चाकं लावलेली, वर हँडल. मी दुकानदाराला हमीचा कागद मागत होतो तेव्हा मेव्हण्याने ते एका हाताने उचललं.

"दाजी, हे तुमच्या स्कूटरला घ्या. ट्रकवरचा चिखुल याला भीक घालनार नाय."

शेवटी पेट्रोल इंजिनावर चालणारा तीन पिस्टनचा पंप घेतला, शेहेचाळीस हजारांना. तो दोघांना मिळूनही उचलत नव्हता, हेच त्याचं प्रमाणपत्र. दुकानदाराने चार नोझल दिली. त्यांतलं एक अगदी बारीक धारेचं. घरी आल्यावर मी ते लावून अंगणात चाचणी घेतली आणि माझ्याच प्लास्टिकच्या बादलीवरचं फूल साफ पुसलं गेलं. फुलाखालचा थोडा रंगही गेला. बायको दारात उभी होती. "ट्रकवाल्याच्या मागच्या फळीवर देवाचं नाव असतं बरं का," ती म्हणाली. ते नोझल मी त्याच दिवशी कपाटात टाकलं. ते अजून तिथेच आहे.

टाकी हजार लिटरची, पांढरी, लोखंडी जाळीत बसवलेली. कारखान्यांतून अशा टाक्या भंगारात निघतात. साडेपाच हजारांना मिळाली. तिच्यात पूर्वी काय भरलं होतं ते विचारल्याशिवाय मी पैसे देईना. भंगारवाला म्हणाला, "साखरेचा पाक." मी झाकण उघडून वास घेतला. पाकच होता. आठवडाभर घरी मुंग्या होत्या. शिवाय तीस मीटर जाड पाइप, फेसाची गन, लांब दांड्याचे ब्रश, गमबूट, शाम्पूचे दोन मोठे कॅन, विहिरीतून पाणी खेचायची छोटी मोटर, आणि सगळं पिकअपवर बसवायला वेल्डरने केलेली अँगलची चौकट. दरांची फळी रंगवायचे बाराशे धरून सगळं मिळून अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे झाले. उरलेले अकरा हजार आठशे पेट्रोल-डिझेलला आणि पहिल्या महिन्याच्या खाण्याला.

आता दर. यात मी तीन रात्री घातल्या आणि माझ्या मते फार सोपी, सरळ रीत काढली. ट्रकवाले गाडी टायरवरूनच ओळखतात: सहा टायर, दहा टायर, बारा टायर, चौदा टायर. तेव्हा टायरमागे रुपये पन्नास. सहाला तीनशे, दहाला पाचशे, चौदाला सातशे. कुणीही मोजून घ्यावं, घासाघीस नको, वाद नको. शहापुरातल्या पेंटरकडून पत्र्याच्या फळीवर हेच लिहून घेतलं आणि ती पिकअपच्या दाराला टांगली.

आटगावजवळ हायवेला एका ढाब्याशेजारी मोकळं मैदान आहे. तिथे गाड्या थांबतात. ढाबेवाल्याने उभं राहू दिलं. बदल्यात आठवड्यातून एकदा त्याचं अंगण आणि पायऱ्या धुऊन द्यायच्या. पाणी घ्यायचं शेणव्याच्या एका शेतकऱ्याच्या बोअरवरून, टाकीला साठ रुपये.

पहिल्याच शुक्रवारी चौदा टायरची एक रिकामी गाडी आली. नुसती धूळ. वीस मिनिटांत लख्ख. सातशे रुपये. मी मेव्हण्याकडे ऐटीत पाहिलं. दुसरी आली सहा टायरची. कोंबड्यांची. रात्रभर पिंजरे वाहून आलेली.

कोंबड्यांच्या गाडीबद्दल इथे जास्त लिहीत नाही. दीड तास लागला. अर्ध्याहून जास्त टाकी लागली. पिसं माझ्या कॉलरमध्ये गेली, गमबुटात गेली, आणि संध्याकाळी बायकोने मला मागच्या दारानेच घरात घेतलं. ड्रायव्हरने फळी वाचली, टायर मोजले आणि तीनशे रुपये हातात ठेवले.

"दाजी," मेव्हणा पाइप गुंडाळत म्हणाला, "टायर काय हागतात का?"

पुढच्या शुक्रवारी फळी बदलली. टायरमागे पन्नास तसंच ठेवलं, कारण ते लोकांना कळतं. पण कोंबडी, गुरं, कोळसा आणि विटा यांना दुप्पट. पेंटरने अक्षरामागे पंधरा रुपये लावले. मी म्हटलं, काना-मात्रा वेगळे मोजू नका. तो म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी दोन गिऱ्हाईकं आली की मी दुकान बंद करतो."

दर बसले, तरी गाड्या बसेनात. कारण दुसरंच होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मेव्हण्याला माहीत होतं, पण तो मला सांगायला लाजत होता. दहा टायरचा एक ड्रायव्हर, संगमनेरकडचा, मध्यम वयाचा, अगदी सज्जन. गाडी धुऊन झाली. त्याने पाचशे दिले आणि म्हणाला, "बिल आठशेचं करा."

"पाचशे घेतले, पाचशेचं करतो."

"अहो मालक, वरचे तीनशे माझे. सगळीकडं असंच असतं. शेठलाही माहीत असतं."

"शेठला माहीत आहे, तर मग बिलात कशाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मेव्हण्याकडे वळून म्हणाला, "हे तुमचे कोण?"

"दाजी," मेव्हणा म्हणाला, जसं काही आजाराचं नाव सांगावं.

मी पाचशेचंच बिल दिलं. तो परत आला नाही. त्याच्यासारखे आणखी कितीतरी आले आणि परत आले नाहीत. पुढे सर्विस सेंटर होतं तिथे म्हणे कोरं बिल हातात देत. पौष उजाडेपर्यंत पहिले उरलेले अकरा हजार आठशे संपले होते आणि परतफेडीच्या खात्यात शून्य होतं. रात्री जेवताना बायको म्हणाली, "अहो, ड्रायव्हर लोक सतरा तास गाडी हाणतात. त्यांचे दोन-तीनशे तुम्हाला दिसतात."

"मग त्यांच्या शेठने पगार वाढवावा. माझ्या पेनाने नको."

यावर तिने भात वाढला आणि ओट्याच्या तुटलेल्या कडेवर पातेलं जरा जोरात ठेवलं.

मेव्हणा मला एकदाही म्हणाला नाही की खोटं लिहा. एवढंच म्हणाला, "दाजी, त्यांना काहीतरी मिळाल्यासारखं वाटायला पायजे. बिल नको, पण काहीतरी."

ते काहीतरी माघात सापडलं, तेही आपोआप. दुपारची वेळ. बारा टायरचा एक ड्रायव्हर, दाढी वाढलेली, डोळे लाल, गाडी धुताना बाजूला उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. मध्येच म्हणाला, "जरा अंगावर मारता का? चार दिवस झाले पाणी लागून."

मेव्हणा पाइप घेऊन वळला तसा मी ओरडलो, कारण त्या धारेने चामडी निघाली असती. मग टाकीचा खालचा नळ सोडला. तो गडी चड्डीवर टायरला टेकून बसला आणि मेव्हण्याने डबड्याने पाणी घातलं. मी साबण शोधतोय तोवर त्याने गाडीच्या शाम्पूचा कॅन उचलून डोक्यावर उपडा केला.

"अहो, ते गाडीचं आहे!"

"अंगावरचा मळबी गाडीचाच हाय," तो फेसातून म्हणाला.

आंघोळ करून तो उभा राहिला तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता. केबिनमधून धुतलेला शर्ट काढून घातला, भांग पाडला, सहाशे रुपये मोजून दिले. बिलाचं काही बोललाच नाही. मीच सहाशेचं लिहून दिलं. ते त्याने न वाचता खिशात टाकलं. आठ दिवसांनी तो परत आला, आणि येताना मागे दोन गाड्या घेऊन आला.

त्या रात्री मी आकडेमोड केली. एका आंघोळीला पाणी पंचवीस लिटर. टाकी साठ रुपयांना हजार लिटर, म्हणजे आंघोळीचे दीड रुपये. दीड रुपयात तीनशेचं खोटं बिल टळत होतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वस्त सौदा मी पाहिलेला नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि साबण?" दुसऱ्या दिवशी तिने साबणाच्या वड्या, एक मग, प्लास्टिकचं स्टूल आणि दोरीला टांगायला जुन्या ताडपत्रीचा पडदा बांधून दिला. फळीवर खाली एक ओळ वाढली: ड्रायव्हरची आंघोळ फुकट. पेंटरने या वेळी पैसे घेतले नाहीत. म्हणाला, त्याचा भाऊ ड्रायव्हर आहे.

फाल्गुन-चैत्रात गाड्या वाढल्या. आमची पिकअप लांबून दिसली की हॉर्न वाजायचा. आंघोळ करून जाताना कुणी कुणी साबणाच्या डबीत दहा-वीस रुपये टाकायचा. मेव्हण्याने परत द्यायला पाहिले तर एकजण म्हणाला, "फुकट न्हालेलं अंगाला लागत नाय. राहू दे रे." त्या पैशांवरून आमचा वाद झाला. मी म्हणालो, फळीवर आंघोळ फुकट लिहिलं आहे. दरात नसलेली रक्कम जमा धरता येणार नाही. मेव्हण्याने हात जोडले आणि पैसे प्लास्टिकच्या बरणीत टाकायला सुरुवात केली. बरणी आमच्या फ्रिजवर ठेवली. ती कुणाची, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वैशाखात पाण्याने अडवलं. आमच्या तालुक्यातली धरणं भरलेली असतात आणि पाडे कोरडे असतात. ते पाणी दुसरीकडे जातं. यात नवीन काही नाही, दर उन्हाळ्याला टँकर येतात. पण पिकअपवर पांढरी टाकी घेऊन त्या रस्त्याने जायचं म्हणजे काय, याचा विचार मी केलेला नव्हता. एका शुक्रवारी बोअरवरून टाकी भरून आम्ही हायवेकडे निघालो. शेणवा सोडून थोडं पुढे आलो तर वळणावर बायका उभ्या. हंडे, कळश्या, तेलाचे डबे, ओळीने मांडलेले. गाडी पाहून दोघी पळतच आल्या.

"आला गो! टँकर आला!"

मेव्हण्याने ब्रेक मारला. मी खाली उतरून समजावायला लागलो की हा टँकर नव्हे, हे गाड्या धुण्याचं पाणी आहे. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून फळी बघत होती. तिने बाजूच्या मुलीला वाचून दाखवायला सांगितलं. मुलीने वाचलं. सगळं, शेवटच्या ओळीसकट.

"ऐकला गो?" म्हातारी म्हणाली. "टरक न्हातात, डायवर न्हातात. आमची पोरां पारोशी!"

सगळ्या हसल्या. हसल्या म्हणून जास्त लागलं. मेव्हण्याने तर माझ्याकडे पाहिलंही नाही. गाडीमागे गेला आणि खालचा नळ सोडला. मी ओरडून सांगत राहिलो की टाकी फेसाच्या गाडीवरची आहे, हे वापरायला घ्या, पिऊ नका. हजार लिटर पाणी किती लवकर संपतं ते त्या दिवशी कळलं. शेवटचा हंडा अर्धाच भरला. म्हातारी म्हणाली, "पुन्यांदा येशील तवा भोंगा वाजव रे बाबा."

त्यानंतर त्या रस्त्याने भरलेली टाकी नेऊन ट्रकवर मारायला माझं मन झालं नाही. बोअरवाल्यानेही हात वर केले: "साहेब, गुरांना पुरना, गाड्यांना कुठून देऊ?" ढाब्यावर फळी उलटी करून ठेवली आणि पाऊस येईपर्यंत धंदा बंद. त्या महिन्यात बोअरवाला परवानगी देईल तेवढ्या, आठवड्याला एक अशा टाक्या मेव्हण्याने त्या पाड्यावर सोडल्या. साठ रुपये टाकीचे मी माझ्या पगारातून दिले, धंद्याच्या नाही. धंद्याचे पैसे ओट्याचे होते.

इथे मेव्हण्याला जुन्या शेठचा फोन आला. गाडी तयार आहे, ये; चाळीस हजार उचल देतो. उचल घेतली की ती फिटेपर्यंत लाईन सोडता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. मेव्हणा आमच्या घरी आला आणि बसून राहिला.

"दाजी, घेतो. ताईचे फिटतील. यंत्र विकून निम्मे बी यायचे नाय."

मी आकडे मांडले. तोवर परतफेडीला त्रेचाळीस हजार जमले होते. पावसाळ्यात धुलाई कमी, श्रावणानंतर वाढेल, दसऱ्याला सगळ्यात जास्त. जमेल, पण काठावर. शब्द देता येणार नाही. मी तसंच सांगितलं. बायको आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "शेठला सांग, भाऊबीजेनंतर कळवतो. मुदत भाऊबीजेची आहे, वैशाखाची नाही."

"तोवर शेठ थांबल का?"

"चौदा वर्षं तू त्याच्यासाठी थांबलास ना?"

शेठ थांबला. पाऊस आला, चिखल आला, पण पावसात गाडी धुवायची हौस कुणाला नसते, आणि त्यांचंही बरोबरच आहे. आषाढात दोन हजार, श्रावणात पाच. मग उघडीप पडली आणि घाटाकडून येणाऱ्या गाड्या लाल चिखलाने माखलेल्या यायला लागल्या. पितृपक्ष संपला तेव्हा जमा बहात्तर हजार पाचशे. कमी सत्तावीस हजार पाचशे. सासूबाईंनी या काळात काही विचारलं नाही. फक्त मुरबाडहून येताना मेव्हण्याच्या डब्यात आमच्यासाठी काकडी, भोपळा काहीतरी असायचं, आणि डबा रोज संध्याकाळी घरी परत जायचा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि ड्रायव्हरचं हत्यार म्हणजे गाडी. न धुतलेल्या गाडीला हार घालत नाहीत. आदल्या दिवशी पहाटे आम्ही मैदानात पोहोचलो तेव्हा सात गाड्या आधीच उभ्या होत्या. मी दोन दिवस रजा काढली होती. पुढच्या सर्विस सेंटरने त्या दोन दिवसांना दुप्पट दर लावला होता.

"दाजी, आपण निदान पन्नासाचे साठ करू."

"फळीवर काय लिहिलं आहे?"

"फळीवर तुमचं डोकं लिवलंय," तो म्हणाला, आणि इंजिन चालू केलं.

तो संगमनेरचा आला, आठशेच्या बिलाचा. मला पाहून हसला. "सत्यवादी, आहात का अजून? घ्या, पाचशेचंच लिहा. आंघोळ तेवढी नीट घाला." माघातला तो दाढीवाला आला, सोबत चार गाड्या. बायको आणि सासूबाई रिक्षाने डबे घेऊन आल्या. सासूबाईंनी पडद्यामागे न्हाणाऱ्या एका दणकट सरदारजीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "याला पंचवीस लिटर पुरायचं नाय." दोन दिवसांत एकेचाळीस गाड्या झाल्या. माझे हात ब्रश धरल्यासारखे वाकडे राहिले, जेवताना घास सुटत नव्हता. खर्च वजा जाता सतरा हजार नऊशे.

दिवाळीपर्यंत आणखी सहा हजार. बेरीज शहाण्णव हजार चारशे. कमी तीन हजार सहाशे.

मी तीन हजार सहाशे खिशातून घालू शकत होतो. पण ते मग धंद्याने फेडल्यासारखं झालं नसतं, आणि मेव्हण्याने ते घेतलेही नसते. भाऊबीजेच्या सकाळी तो आला तो नवा शर्ट घालून, सासूबाईंना घेऊन. चेहऱ्यावरून कळत होतं की शेठचा नंबर काढून ठेवलाय. मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "ठरलं तर मग. एक रुपया कमी चालनार नाय, ताई बोल्ली व्हती."

बायको ताटात निरांजन ठेवत होती. वर न पाहता म्हणाली, "आणि फ्रिजवरची बरणी?"

"ती आपली नाही," मी म्हणालो. "आंघोळ फुकट लिहिलं आहे."

"आंघोळ फुकट. साबण फुकट असं कुठे लिहिलंय? वर्षभर साबण कुणी आणला? ते पैसे साबणाच्या डबीत टाकले होते की तुमच्या फळीवर?"

मी विचार केला. डबीतच टाकले होते. खरोखर टाकणाऱ्यांनी जागा बघूनच टाकले होते. मी फ्रिजवरची बरणी खाली घेतली. सासूबाई म्हणाल्या, "जावयबापू, आता मोजा. निरांजन विझंल."

बरणी ओतली. दहाच्या, वीसच्या, ओलसर, काहींना अजून साबणाचा वास. चार हजार दोनशे ऐंशी.

मेव्हणा पाटावर बसला. बायकोने टिळा लावला, ओवाळलं. त्याने ताटात आधी पाचशे एक ठेवले, मग एक लाख. गड्डीत खाली पाचशेच्या नोटा आणि वर दहा-वीसच्या, म्हणून ती एका बाजूला कलली. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, टिळा ओला असताना, शेठला लावला. "नाय शेठ. नाय. घरीच हाय. गाडी धुवायची असल तर आटगावला पाठवा, टायरमागे पन्नास." सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्याच्यासाठी पोळी गरम करायला टाकली.

एकूण अदा: भाऊबीजेच्या ताटात रुपये एक लाख, माझ्या बायकोला. बरणीतून उरलेले सहाशे ऐंशी, साबणापोटी, तेही तिलाच. तिच्या म्हणण्याप्रमाणे साबणाचे चारशे सत्तर अजून बाकी आहेत.